तिसरा गिअर

दिवे घाट उतरताना व्हॅनचा तिसरा गिअर सुटला. आमची व्हॅन २००४ सालची आहे, तेव्हा यात नवल वाटण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरातली संध्याकाळ होती. मागच्या सीटवर सासवडच्या मामानं दिलेल्या सीताफळांच्या दोन करंड्या, रुंदीकरणाच्या कामामुळे रस्त्यावर खडी, पुढे धूळ उडवत चाललेला एक डंपर. एका वळणावर पायाखालून ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडी एकदम हलकी झाली. उतारावर इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं हे मला ऐकून माहीत होतं. ते धरणं सुटल्यावर पोटात काय होतं ते माहीत नव्हतं. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना होतं ना, तसं. इंजिनाचा आवाज खाली बसला, चाकांचा वाढला, आणि डंपरच्या मागे लिहिलेली अक्षरं मोठी होऊ लागली. माझा पाय ब्रेककडे जातोय तोवर शेजारून आईचा उजवा हात आला. ‘क्लच,’ ती म्हणाली. ओरडली नाही, पंगतीत मीठ मागावं तशी म्हणाली. मी क्लच दाबला, तिनं दांडा पुढे सारून तिसऱ्यात बसवला, मी पाय सोडला, आणि एक हिसका देऊन गाडी ताब्यात आली. पण आईनं हात काढला नाही. घाट संपून वडकी येईपर्यंत तिचा तळवा गिअरच्या गोळ्यावर तसाच होता. डाव्या हातात पर्स, उजवा हात गिअरवर, नजर रस्त्यावर.

‘काय झालं गं हे?’ मी विचारलं.

‘सुटतोच तो. धरून ठेवायचा.’

‘कधीपासून सुटतो?’

‘कधीपासून म्हणजे काय? पहिल्यापासून.’

हे ‘पहिल्यापासून’ हडपसरच्या गर्दीत माझ्या डोक्यात घोळत राहिलं. नवीन गाडीचा गिअर पहिल्यापासून कसा सुटेल? आणि खरंच सुटत असेल, तर एकवीस वर्षं ही बाई कुणाला काही न सांगता तो नुसता धरून ठेवत होती? आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी अशाच चालतात. न्हाणीघराची कडी वर उचलून लावायची, मिक्सरचं झाकण दाबून धरायचं, गॅसची उजवी शेगडी आधी पूर्ण फिरवून मग बारीक करायची. बाहेरचं कुणी आलं की कळतं, हे बिघाड आहेत. आम्हाला त्या वापरायच्या रीती वाटतात.

घरी आल्यावर बाबांनी अपेक्षेप्रमाणे निकाल दिला. ‘विकून टाका.’ बाबा हे वाक्य २०१२ पासून म्हणताहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. २०१९ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. २०२४ मध्ये त्याच कामाला ५,००० मोजले, वर पर्यावरण कर, आणि आरटीओच्या रांगेत दोन सकाळी. त्या रांगेत आमच्यासारखेच लोक होते, आपापल्या म्हाताऱ्या गाड्यांना पॉलिश मारून घेऊन आलेले. मुलगी बघायला आलेल्यांसमोर आई-बाप उभे राहतात तसे ते इन्स्पेक्टरसमोर उभे होते. माझी स्वतःची छोटी गाडी आहे, एसीवाली, पाच गिअरची. पण सासवडला जायचं म्हटलं की आई व्हॅनचीच किल्ली काढते. करंड्या कुठे ठेवणार त्या तुझ्या डबीत, म्हणते. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

व्हॅन घरात आली ती बाबांची कंपनी बंद पडल्यावर. हा काळ पुण्यातल्या बऱ्याच घरांनी पाहिला आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. बाबा वर्षभर पेपरातल्या जाहिरातींना खुणा करत बसले आणि आईनं गाडी शिकून घेतली. मग पतपेढीचं कर्ज, पांढरी मारुती व्हॅन, आणि कर्वेनगर ते सदाशिव पेठ अशी शाळेची फेरी. कंपनीनं तिला ओम्नी असं नाव कधीच दिलं होतं, पण रस्त्यावर ती व्हॅनच राहिली. १९८४ मध्ये आलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद होईपर्यंत फारशी बदललीच नाही: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, बाजूला सरकणारं दार. हिंदी सिनेमावाल्यांनी ती अपहरणासाठी राखून ठेवली होती. पुण्यात तिच्यात सकाळी सव्वासहाला कोंबली जाणारी पोरंही साधारण अपहरण झाल्यासारखीच दिसत. बाकीच्या व्हॅनवर काका असत. आमच्या व्हॅनवर काकू होती. आईला अजूनही लक्ष्मी रोडवर पंचविशीतलं कुणीतरी थांबवून ‘व्हॅनकाकू!’ म्हणतं, आणि ती त्यांची नावं नाही, क्रम ओळखते. ‘तू कॅनॉलजवळचा, चौथा. रोज डबा विसरायचास.’

मी पहिली चढायचे आणि शेवटी उतरायचे, कारण गाडी आमची. पण पुढे बसायचं भाग्य मला कधी लाभलं नाही. पुढची सीट सगळ्यात लहान पोरांसाठी. दोन-तीन पोरं एका सीटवर, आणि त्यातलं सगळ्यात रडकं अगदी कडेला, गिअरला चिकटून. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. डिसेंबरच्या थंडीत त्या सीटची ऊब म्हणजे चैन होती, आणि ती रडणाऱ्यांनाच मिळायची. मी सगळ्यात मागे, दप्तरांच्या ढिगावर. पेट्रोलचा वास, ओल्या रेनकोटांचा वास, कुणाच्या तरी डब्यातून सांडलेल्या लिंबाच्या लोणच्याचा वास. मागून मला आईचं फक्त डोकं दिसायचं आणि डावा खांदा. हात दिसायचा नाही.

पहिल्यांदा मी व्हॅन बाणेरला एका चकचकीत गॅरेजात नेली. तिथे बसायला सोफा होता आणि कॉफीचं मशीन. टॅब घेतलेल्या एका मुलानं गाडी पाहिली, मग मला पाहिलं, आणि अतिशय विनयानं सांगितलं की गिअरबॉक्स अख्खा बदलावा लागेल, २४,००० रुपये, शिवाय मिळाला तर. त्यानं गाडी चालवून पाहिली नव्हती. खाली वाकूनही पाहिलं नव्हतं. रात्री मी इंटरनेटवर शोधत बसले. तिथे बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांच्याच कहाण्या निघाल्या. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये लाल रंगाचं तेल असतं, काहींना ते तपासायला वेगळी पट्टी असते, तेल काळपट झालं आणि जळकट वास आला की आतल्या क्लचच्या चकत्या जळल्या समजायचं. वाचायला मजा आली, उपयोग शून्य. आमच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तेलाला पट्टीबिट्टी नाही. बाजूचा बोल्ट काढायचा आणि भोकात करंगळी घालायची. काठापर्यंत तेल लागलं तर ठीक. वैद्यकी त्या पातळीवरची आहे.

शेवटी आईनंच तिचा जुना मिस्त्री शोधून काढला. नाना पेठेतल्या एका बोळात त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा, आणि भिंतीवर रंगवलेल्या आकृत्यांवर टांगलेले पाने. ज्या आकृतीवर पाना नाही तो कुणीतरी उसना नेलाय. मिस्त्री साठीचा, बोटांच्या पेरांत कायमचं काळं, चष्म्याला दोरी. ‘या काकू’ म्हणाला आणि मला म्हणाला, ‘ताई, चालवा तुम्ही. मी नुसता बसतो.’ आम्ही नेहरू रोडवरून स्वारगेटकडे निघालो. तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं याचं लक्षच नाही. मग एका सिग्नलच्या पुढे म्हणाला, ‘ताई, हात काढा.’

मला कळलंच नाही.

‘डावा हात. गिअर टाकला की हात स्टिअरिंगवर. तिथं काय राखण करायचीय का?’

माझा हात दांड्यावर होता. टाकल्यानंतरही तिथेच. मी हात काढला, शंभर पावलं गाडी नेली, ॲक्सिलरेटर सोडला, आणि ‘टक्’. मिस्त्री समाधानानं हसला. पेशंटनं डॉक्टरसमोरच खोकून दाखवावं तसं झालं.

त्यानंतरचा दीड तास मी शेडमधल्या स्टुलावर बसून पाहिलं आणि मला तो फार आवडला. मिस्त्री एकदम आत घुसत नाही. आधी त्यानं क्लच पाहिला: हॅण्डब्रेक ओढून गाडी चौथ्यात टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन गचकन बंद पडलं. ‘पडायलाच पाहिजे. चालू राहिलं असतं तर प्लेट घसरते म्हणायचं.’ मग न्यूट्रलमध्ये ठेवून कान देऊन ऐकलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला, डोळे मिटलेले. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबला की थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग; उलट दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. ‘आपल्याकडं दोन्ही गप्प आहेत,’ तो म्हणाला. मग खड्ड्यात उतरून मागे जाणारा लांब शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला, कारण त्याच्या जॉइंटचा क्रॉस गेला तरी गाडी उचलताना असाच ‘टक्’ आवाज येतो आणि लोक गिअरबॉक्स उघडून बसतात. क्रॉस ठीक होता. मग गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते रबरी माउंटिंग. ते चिरलेलं होतं, तुरटीसारखं टणक. माउंटिंग खचलं की उतारावर इंजिन-गिअरबॉक्सचं धूड जागचं हलतं, आणि दांड्यापासून मागे गेलेले रॉड त्याच्याबरोबर ओढले जातात. म्हणजे गाडी स्वतःच स्वतःचा गिअर काढते. रॉडांचे बुशही विरले होते. दांडा तिसऱ्यात असतानाही चमच्यासारखा ढवळता येत होता.

‘आधी बाहेरचं करू,’ मिस्त्री म्हणाला. ‘आठशे-हजारात भागलं तर आत कशाला जायचं?’ माउंटिंग बदललं, बुश बदलले. दांडा घट्ट झाला, चारही गिअर आपापल्या घरात राहायला लागले. मी त्याच आनंदात कात्रजचा जुना घाट चढून उतरून आले. जाताना काही नाही. येताना दोनदा ‘टक्’.

मग तेल काढलं. गिअर ऑइलचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. नासलेलं अंडं आणि करपलेला लसूण यांच्या मधला कुठला तरी. त्यात गंधकाची द्रव्यं असतात, त्याचा तो वास. मिस्त्रीनं ते काळं तेल एका पसरट ट्रेमध्ये धरलं, जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यातून फिरवला आणि वर काढला. पिशवीवर राखाडी लव उभी राहिली होती. ‘हे पोलाद. हे निघतंच, वयाप्रमाणं.’ मग त्यानं ट्रे उन्हात तिरका केला. तेलात सोनेरी काहीतरी चमकत होतं, जेजुरीहून परत आल्यावर दप्तरात सापडणाऱ्या भंडाऱ्यासारखं बारीक. चुंबकाला ते चिकटत नव्हतं. ‘हे पितळ. पितळ चुंबकाला लागत नाही, म्हणून बघायचं डोळ्यानं. गिअर टाकताना दोन चाकांचा वेग जुळवणारी पितळी रिंग असते, ती झिजतीय.’ कुणीतरी मध्ये मागच्या चाकांमधल्या डिफ्रन्शियलमध्ये घालायचं ऑइल गिअरबॉक्समध्येही ओतलं असावं, अशीही शंका त्यानं बोलून दाखवली. त्यातली काही द्रव्यं पितळेला मानवत नाहीत म्हणे. त्या वेळी आई समोरच्या हातगाडीवर चहा सांगत होती. तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

गिअरबॉक्स खाली उतरवला गुरुवारी. शाफ्ट सुटला, आडवी पट्टी सुटली, जॅकवर तोललेला तो ॲल्युमिनिअमचा धोंडा मागे सरकवत दोन पोरांनी खड्ड्यातून बाहेर काढला. आणि मग मराठी भाषेतलं सर्वांत खर्चिक वाक्य उच्चारलं गेलं: ‘उघडलंच आहे तर...’ उघडलंच आहे तर क्लच प्लेट बदलून घ्या, मजुरी तीच. उघडलंच आहे तर मागचं ऑइल सील. उघडलंच आहे तर बेअरिंगांचा सेट. घराला रंग काढताना, दाढ काढताना, लग्न ठरवताना हे वाक्य मी ऐकलेलं आहे. त्याच्याशी वाद घालता येत नाही, कारण ते नेहमी बरोबर असतं.

यादी घेऊन मी पार्टच्या दुकानात गेले. नाना पेठेतलं दुकान, दहा बाय दहाचं, छतापर्यंत खोकी. काउंटरवरच्या गृहस्थांनी यादीकडे न बघता विचारलं, ‘सँपल आणलंय?’ नव्हतं आणलं. ‘मग?’ या ‘मग’मध्ये एक अख्खं विद्यापीठ होतं. मी परत जाऊन मिस्त्रीकडून काळीकुट्ट रिंग आणि गिअर सरकवणारा फोर्क वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. त्यांनी रिंग हातात घेऊन आतून नख फिरवलं. नव्या रिंगेला आतून बारीक आटे असतात, तेल कापून गिअरच्या निमुळत्या सुळक्यावर पकड घ्यायला. जुनीचे गुळगुळीत झाले होते. नवी रिंग गिअरच्या सुळक्यावर दाबून बसवली की मध्ये फट राहते, त्या फटीत मोजपट्टी घालून रिंगेचं आयुष्य मोजतात. आमच्या रिंगेनं फट राहूच दिली नाही, टेकलीच. पाच मिनिटांत सगळं समोर मांडलं गेलं, बिल झालं. बंद झालेल्या गाडीचे पार्ट इतके सहज कसे मिळतात, मी विचारलं. ‘गाडी बंद झालीय, रस्त्यावरची माणसं नाही झाली,’ ते म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. सुटे परत दिले नाहीत, ते मी घरी गेल्यावर लक्षात आलं.

परत आले तेव्हा मिस्त्री खड्ड्याच्या काठावर दोन फोर्क शेजारी शेजारी ठेवून बसला होता, नवा आणि जुना. फोर्क म्हणजे दोन बोटांचा चिमटा. तिसऱ्या-चौथ्याला मिळून एकच असतो. आत एक स्लीव्ह सतत गरगरत असते, तिच्या खाचेत ही बोटं सैल बसलेली असतात. दांडा पुढे केला की बोटं स्लीव्हला तिसऱ्याकडे ढकलतात, मागे ओढला की चौथ्याकडे. ढकललं की त्यांचं काम संपलं. तिथून पुढे स्लीव्ह तिच्या दातांवर आणि एका स्प्रिंगच्या गोळीवर टिकून राहते. बोटांनी तिला शिवायचंसुद्धा नाही. पण दांड्यावर हात असेल तर बोटं तिला चिकटून राहतात, आणि ती मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेत असते. ‘हे बघा,’ मिस्त्रीनं जुना फोर्क माझ्या हातात दिला. एका बाजूनं बोटं आरशासारखी चकचकीत आणि नखभर पातळ झाली होती. दुसरी बाजू जवळपास नव्यासारखी, ओतकामाचा खरखरीतपणासुद्धा शाबूत. ‘ही पातळ बाजू तिसऱ्याची. बोटं पातळ झाली की स्लीव्ह पुरती आत जात नाही. दात नुसते टोकावर धरतात. मग टोकं गोल होतात. मग सुटतो.’

चौथ्याची बाजू कोरी होती. मी ती अंगठ्यानं चाचपत राहिले. सकाळच्या दोन फेऱ्या, दुपारच्या दोन, कर्वे रोडवर थांबत, सरकत, पुन्हा थांबत. डेक्कनला वळून अलका चौक, मग पेठेतल्या गल्ल्या. चौथा गिअर टाकावा एवढा मोकळा रस्ता आईला मिळायचा तो मे महिन्यात, माहेरी जाताना.

‘काकू, हे तुमच्या हाताचं काम,’ मिस्त्री आईला म्हणाला. ‘गाडीचा दोष नाही.’

आईनं चहाचा कप खाली ठेवला. फोर्क हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिला आणि म्हणाली, ‘हात ठेवला नसता तर काय झालं असतं? पोरं शेजारी बसायची. त्यांचे गुडघे लागायचे दांड्याला. ब्रेक मारला की अख्खी पोरं गिअरवर यायची. दोनदा न्यूट्रल झाली गाडी, एकदा म्हात्रे पुलावर. तेव्हापासून हात काढला नाही मी.’

‘म्हणजे आधी सुटायचा म्हणून हात नव्हता?’ मी विचारलं. ‘तू तर म्हणालीस पहिल्यापासून सुटतो.’

‘पहिल्यापासून धरलाय म्हटलं मी.’

असं ती म्हणाली नव्हती. पण तिच्या लेखी या दोन वाक्यांत फरक नसावा. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहून खांदे उडवले. धरला म्हणून झिजला, झिजला म्हणून सुटायला लागला, सुटायला लागला म्हणून आणखी घट्ट धरला. मधल्या कुठल्या वर्षी एक संपून दुसरं सुरू झालं, ते त्या फोर्कवर लिहिलेलं नव्हतं. त्याच्यावर नुसती चकाकी होती. मला आठवत होता तो मागून दिसणारा डावा खांदा, किंचित खाली झुकलेला. मी तो दमलेला समजत होते. त्या खांद्याच्या टोकाला हात होता, हाताखाली दांडा, आणि दांडा व कुणाच्या तरी पोराच्या गुडघ्यात मध्ये आईची मूठ. ती ऊबदार जागा माझी नव्हती याचा राग मला दहाव्या वर्षी यायचा. खरं सांगायचं तर त्या शेडमध्येही थोडासा आला.

आणि दुसरंही सांगायला हवं. एका सकाळी आम्ही चौदा जण असायचो त्या गाडीत. आठांच्या जागेत चौदा. पुढे तीन पोरं, बेल्ट नाही, गुडघ्यांसमोर पातळ पत्रा, ढुंगणाखाली इंजिन. गाडीची नंबरप्लेट पांढरी, परवाना नाही. आईचा हात एवढा घट्ट होता म्हणून काही झालं नाही, असं म्हणायला छान वाटतं, पण काही झालं नाही ते नशिबानं. २०११ मध्ये महाराष्ट्रात स्कूलबससाठी नवी नियमावली आली, तेव्हा आई महिनाभर सरकारला बोल लावत होती. पुढच्या वर्षी तिनं फेऱ्या बंद केल्या. कर्ज तोवर फिटलं होतं, मी कॉलेजात होते, आणि तिचा डावा गुडघा कुरकुर करायला लागला होता. क्लचचा पाय. मला तेव्हा ते नियम बरोबर वाटले होते आणि आजही वाटतात. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिलाही ते वाटत असावं, कारण आता रस्त्यात भरलेली व्हॅन दिसली की ती आत पोरं मोजते आणि तोंडातल्या तोंडात आकडा म्हणते.

शनिवारी गाडी मिळाली. पार्ट आणि मजुरी मिळून ९,४०० रुपये. बाबांनी बिल दोनदा वाचलं आणि ‘विकून टाका’ म्हणायला विसरले. नवा फोर्क, नवी रिंग, गोळीमागची नवी स्प्रिंग, नवी क्लच प्लेट. तिसरा गिअर आता जातो तेव्हा ‘खट्’ न करता लोण्यात सुरी जावी तसा जातो. मला पहिले काही दिवस तो गेलाय यावर विश्वासच बसेना. हात तिकडे जायचा. मी तो बळेच उचलून स्टिअरिंगवर आणून ठेवायचे, लहान पोराच्या तोंडातून अंगठा काढावा तसा. मला ही सवय कुठून लागली हे विचारायची गरज नव्हती. व्हॅन मला आईनं शिकवली, म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवर, भल्या पहाटे, माझ्या हातावर हात ठेवून.

जुना फोर्क आणि जुनी रिंग मी मागून घेतली. मिस्त्रीनं न विचारता कागदात बांधून दिली. बायका अशा वस्तू नेतात याचा त्याला अनुभव असावा, किंवा नसावा. मी ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. काय करायचं होतं कोण जाणे. कधीतरी काढून फोर्कच्या त्या गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवायचे. दिवाळीच्या आवराआवरीतून तो खण सुटला होता, पण डिसेंबरात रद्दीवाला आला तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी आईनं हिशेब सांगितला: पेपर इतके किलो, बाटल्या इतक्या. ‘आणि तुझ्या खणातलं ते दिलं. लोखंडाचं फारसं आलं नाही. पितळेचं बरं आलं. तेवढं वेगळं वजन करायला लावलं मी त्याला, तो एकत्रच घालत होता.’ मी काहीतरी बोलणार होते. मग तिनं मला त्या पैशांतून आणलेली कोथिंबीर निवडायला दिली.

जानेवारीत पुन्हा सासवडला गेलो. या वेळी खट्टा बहाराची अंजिरं होती, किंचित आंबूस, टोपलीत पानं घालून रचलेली. परतताना आई पुढे बसलीच नाही. ‘पुढे ऊन लागतं,’ म्हणाली, सरकतं दार ओढलं आणि मागे अंजिरांशेजारी पाय लांब करून बसली. मी काही बोलले नाही. आजवर ती पुढे बसायची तेव्हा गाडी मीच चालवत असले तरी तिचा उजवा पाय प्रत्येक वळणावर पत्र्यावर ब्रेक दाबायचा. मागे ब्रेक नसतो. घाट सुरू झाला, मी तिसरा टाकला, हात वर घेतला. डंपर होतेच. ते वळण आलं. मी ॲक्सिलरेटर सोडला, इंजिनानं मागून गाडी धरली आणि त्याचा तो बारीक, चढा, तक्रारखोर आवाज सीटखालून येत राहिला. दुसरं वळण. तिसरं. मी आरशात पाहिलं. आईनं काच सरकवली होती, हातातल्या अर्ध्या अंजिराकडे तिचं लक्ष नव्हतं, ती खाली बघत होती, पायथ्याला, मस्तानी तलावाकडे. वीस वर्षं ती या घाटातून माहेरी जाते-येते आहे.

‘अगं,’ ती म्हणाली, ‘अजून पाणी आहे की यात.’